पुलाची जागा आधी आखा

ठाणे जिल्ह्यात रेल्वे आजच्या उपनगरांच्या आधी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ठाण्यापर्यंत धावली आणि वर्षभरात, मे १८५४ मध्ये, रूळ कल्याणला पोचले. तेव्हा मधला मुलूख म्हणजे खाडी, खाजण, मिठागरं, भाताची खाचरं आणि आगरी-कोळ्यांची गावं. रूळ गेले आणि गावं व त्यांची शेतं दोन अंगांना वाटली गेली. शेतावर जायची वाट जिथे रुळांना आडवी आली तिथे फाटक बसलं. गाडी यायच्या वेळी बैलगाडी थांबायची, गाडी गेली की फाटक उघडायचं. त्या काळाला एवढी सोय पुरेशी होती.

त्याच वाटांवर आज उपनगरं उभी आहेत. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाखांवर गेली, देशातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा काढावा लागला. वाढ त्यानंतरही थांबलेली नाही. कल्याण-शीळ रस्त्याने एकदा जाऊन या, नाहीतर बदलापूरच्या पुढे लोकलच्या दारात उभं राहून बाहेर बघा, जनगणनेची वाट पाहायची गरज वाटणार नाही. पण रूळ ओलांडायच्या जागा मात्र बहुतेक ठिकाणी आपल्या पणज्याच्या बैलगाडीने ठरवून दिलेल्याच आहेत.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे रुळांवरचा पूल गर्दी झाल्यावर मंजूर होतो, आणि गर्दी झाल्यावर पुलाला जागा उरत नाही. हा क्रम उलटा करायला हवा. पुढची वीस वर्षं ज्या पट्ट्यात घरं उभी राहणार आहेत, तिथे रूळ कुठून ओलांडायचे हे पहिल्या इमारतीला परवानगी देण्यापूर्वी ठरलं पाहिजे. आणि ते ठरवताना पहिली मोजणी चालणाऱ्या माणसाची झाली पाहिजे, मग मोटारींची.

आज नेमकं काय होतं ते पाहू. फाटकाच्या जागी पूल कधी द्यायचा हे ठरवायला रेल्वेकडे एक आकडा आहे, ट्रेन व्हेइकल युनिट, म्हणजे कागदोपत्री टीव्हीयू. चोवीस तासांत फाटकावरून गेलेल्या रेल्वेगाड्या गुणिले तेवढ्याच वेळात फाटक ओलांडलेली वाहनं. हा गुणाकार १ लाखावर गेला की उड्डाणपुलाचा किंवा भुयारी मार्गाचा खर्च रेल्वे आणि राज्य सरकार निम्मा-निम्मा उचलतात, अशी वर्षानुवर्षांची पद्धत आहे. गुणाकार त्याहून कमी भरला तर ज्याला पूल हवा आहे त्याने पैसे भरावेत, असा साधारण व्यवहार. मोजणीत मोटार, ट्रक, बैलगाडी एक धरतात, रिक्षा अर्धी आणि स्कूटर-मोटारसायकल पाव. पायी चालणारा माणूस या मोजणीत धरलाच जात नाही.

हा हिशेब एखाद्या कमी गाड्यांच्या मार्गाला लावून पाहा. समजा, दिवसाला ४० गाड्या जातात, बहुतेक मालगाड्या. १ लाखाला पोचायचं तर रोज २,५०० वाहन-एकक हवीत. वाढत्या वस्तीच्या कडेला राहणाऱ्या माणसाचं वाहन म्हणजे दुचाकी. पाव धरल्यावर रोज १०,००० दुचाकी त्या फाटकावरून गेल्या पाहिजेत, तेव्हा कुठे फाईल हलणार. एका अरुंद फाटकावर १०,००० दुचाकींची रांग लागेल तेव्हा आजूबाजूला काय काय उभं राहिलेलं असेल याची कल्पना करा. दुकानं, चाळी, सात मजली इमारती, रिक्षा स्टँड, मंदिर. म्हणजे पुलाला पात्र ठरण्याची अट आणि पूल बांधता न येण्याची अवस्था दोन्ही एकाच दिवशी पुऱ्या होतात.

शिवाय या गुणाकारात फाटक किती मिनिटं बंद राहतं ते कुठेच येत नाही. मालगाडी हळू जाते, तिच्यामागे दुसरी येते, फाटक पंधरा-वीस मिनिटं उघडत नाही. मग माणसं शहाणी होतात आणि चार-पाच किलोमीटरचा वळसा घालतात. जी वाहनं वळसा घालून गेली ती फाटकावर मोजली जात नाहीत. फाटकाचा जाच जितका जास्त तितकी त्याची मोजणी कमी भरण्याचा धोका. मी या विषयातला अभियंता नाही, पण ज्या मोजमापात त्रास वाढला की गरज कमी दिसते, त्या मोजमापावर वाढत्या जिल्ह्याचं नियोजन उभं करू नये हे सांगायला अभियंता असण्याची गरज नाही.

दिव्याचं फाटक मध्य रेल्वेच्या प्रवाशांना नव्याने सांगायला नको. दिवा हे जंक्शन आहे. मुख्य मार्ग, पनवेलमार्गे कोकणात जाणारा फाटा आणि भिवंडीमार्गे वसईला जाणारा फाटा इथे एकत्र येतात. दोन्ही अंगांना वस्ती, आणि मधे फाटक. फाटक आणि सिग्नल एकमेकांना जखडलेले असतात. फाटक पूर्ण पडून कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. ही सुरक्षेची रचना आहे आणि ती तशीच असली पाहिजे. पण सकाळच्या गर्दीत एखादा टेम्पो पडत्या फाटकाखालून घुसला की फाटक अडकतं, सिग्नल लाल राहतो, लोकल थांबते, तिच्यामागची थांबते, आणि मुंब्रा-कळव्याच्या फलाटांवर हजारो माणसं ताटकळतात. त्यांना कारण माहीत नसतं. टेम्पोवाल्यालाही आपण काय केलं हे माहीत नसतं, त्याला फक्त रुळांपलीकडे माल टाकायचा असतो. गेटमन दोन्हीकडच्या शिव्या खातो.

२ जानेवारी २०१५ ला दिव्यात प्रवाशांचा उद्रेक झाला, दगडफेक झाली, गाड्या दिवसभर बिघडल्या. तात्कालिक कारण तांत्रिक बिघाडाचं होतं. दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही. पण रोज वीस मिनिटं उशीर सोसणाऱ्या माणसाचा संयम एका सकाळी तुटतो, आणि त्या रोजच्या उशिरात फाटकांचा वाटा होता, हे रेल्वेही सांगत आली आहे. दिव्याला पूल हवा हे तेव्हाही सर्वांना मान्य होतं. पूल मंजूर झाला, काम सुरू झालं, आणि मग वर्षानुवर्षं अडकलं, कारण पोहोचरस्त्याच्या, म्हणजे पुलावर चढायच्या-उतरायच्या रस्त्याच्या, जागेत माणसांची घरं होती.

रुळांवरच्या पुलाचं अवघड अंग रुळांवर नसतंच. गर्डर चढवायचं काम नाट्यमय दिसतं. रात्रीचा ब्लॉक, मोठमोठ्या क्रेन, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो. पण पूल खरा अडतो तो दोन्ही बाजूंच्या पोहोचरस्त्यांवर. विजेच्या तारेची उंची, तारेवरची मोकळी जागा आणि गर्डरची जाडी धरली तर रस्ता रुळांपासून आठेक मीटर वर जातो. भरलेला ट्रक चढू शकेल असा एकास तीसचा चढ द्यायचा तर आठ मीटरसाठी २४० मीटर लांबी लागते, आणि तेवढीच दुसऱ्या अंगाला. म्हणजे दोन्ही बाजूंना पाव-पाव किलोमीटरची सलग, सरळ, रिकामी पट्टी. स्टेशनला लागून वाढलेल्या कुठल्या वस्तीत ती आहे? मग पूल वाकवायचा, अरुंद करायचा, चढ वाढवायचा. २०२५ मध्ये भोपाळच्या ऐशबाग भागातल्या पुलाचं जवळजवळ काटकोनातलं वळण देशभर हसण्याचा विषय झालं आणि अभियंते निलंबित झाले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. जागा उरलेली नसताना पूल बसवायला गेलं की असंच काहीतरी हाती येतं. आपल्याकडच्या कितीतरी पुलांचे उतार थेट चौकात किंवा शाळेच्या दारात संपतात, त्याचंही कारण हेच आहे.

दोन यंत्रणांनी एकत्र बसून नियोजन केलं नाही की काय होतं, याचं उदाहरण अंधेरीत आहे. ३ जुलै २०१८ ला गोखले पुलाचा पदपथाचा भाग रुळांवर कोसळला, त्यात जीव गेले. ७ नोव्हेंबर २०२२ ला पूल बंद झाला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ ला उघडली तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की शेजारचा बर्फीवाला पूल, जो आधी गोखले पुलाला जोडलेला होता, तो आता खाली राहिला आहे. रुळांवरच्या उंचीचे निकष बदलले होते म्हणून नवा पूल वर गेला, आणि त्याला मिळणारा रस्ता जुन्याच पातळीवर राहिला. मग बर्फीवाला पुलाचा भाग जॅक लावून उचलावा लागला आणि जुलै २०२४ मध्ये दोन्ही पूल जुळले. पूर्ण गोखले पूल वापरात यायला मे २०२५ उजाडलं. तोवर अंधेरीच्या पूर्व-पश्चिमेने अडीच वर्षं काय सोसलं ते तिथल्या रिक्षावाल्यांना आणि शाळकरी मुलांच्या आयांना विचारा. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या हद्दीत हे घडलं. रुळांवरचा भाग रेल्वेचा आणि उतार महापालिकेचा, अशी वाटणी जिथे असते तिथे दोघांचा आराखडा एकाच कागदावर, एकाच सहीने झाला पाहिजे. महाराष्ट्र सरकार आणि रेल्वे यांनी मिळून महारेल हे महामंडळ काढलं आणि अनेक पूल पूर्णपणे त्याच्याकडे दिले, ही दिशा मला बरोबर वाटते. पण महारेलच्या हातात पूल येतो तो मंजुरीनंतर. जागा राखायचा निर्णय त्याच्या कितीतरी आधीचा असतो, आणि तो घ्यायला कोणीच बसलेलं नसतं.

कल्याण-डोंबिवलीने आणखी एक धडा दिला आहे. कल्याणचा शंभरी ओलांडलेला पत्री पूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडला, नवा २५ जानेवारी २०२१ ला खुला झाला. मधेच, सप्टेंबर २०१९ मध्ये, डोंबिवलीचा कोपर पूल धोकादायक म्हणून बंद झाला, तो सप्टेंबर २०२१ ला परत सुरू झाला. म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त काळ दोन्ही कामं एकाच वेळी चालू. डोंबिवलीची सगळी पूर्व-पश्चिम वाहतूक ठाकुर्लीच्या अरुंद पुलावर. एक पूल दुरुस्तीला काढला तर दुसरा आणि तिसरा भार घेऊ शकतील, असा विचार आपल्याकडे होत नाही, कारण प्रत्येक फाटकाची, प्रत्येक पुलाची फाईल वेगळी. रूळ मात्र सलग आहेत, आणि त्यांनी दुभंगलेलं शहरही एक आहे. रूळ ओलांडायच्या जागा जिल्ह्याने पाणीपुरवठ्याच्या जलवाहिन्यांसारख्या एकत्र जाळं म्हणून पाहायला हव्यात.

चालणाऱ्या माणसांबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे.

आमच्या भागातलं एक फाटक पूल झाल्यावर कायमचं बंद झालं. बंद व्हायला हवंच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. दोन्ही बाजूंना भिंत घातली. ज्या मावशी रोज पहाटे पलीकडच्या गावातून डोक्यावर पालेभाजीची पाटी घेऊन फाटकातून यायच्या, त्यांना पूर्वी पाच मिनिटं लागायची. आता पुलाचा चढ धरायचा तर एका अंगाचे अडीचशे मीटर चढ, दुसऱ्या अंगाचे अडीचशे मीटर उतार, आणि पुलापर्यंत जायचं-यायचं ते वेगळं. पुलावर पदपथ आहे, पण दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने रस्त्यावर उतरावं लागतं, आणि शेजारून डंपर जातात. दोन महिन्यांत भिंतीला भगदाड पडलं. कोणी पाडलं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोललं नाही. ते बुजवलं, पुन्हा पडलं. मावशी त्या भगदाडातून वाकून येतात, पाटी आधी पुढे सरकवतात, मग रूळ बघतात. पूर्वी त्यांच्यासाठी गेटमन होता, घंटा होती, लाल झेंडी होती. पूल झाल्यावर त्यांच्यासाठी काहीच उरलं नाही. कागदावर मात्र ते फाटक ‘निर्मूलन झालेलं’ आहे.

यात मावशींचा दोष काढणं सोपं आहे. कायदाही त्यांच्या विरोधात आहे, रेल्वेच्या हद्दीत शिरणं हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. पण साठीच्या बाईने डोक्यावर वीस किलोंचं ओझं घेऊन अर्धा किलोमीटर चढ-उतार चालावं, अशी अपेक्षा ज्या आराखड्यात आहे त्या आराखड्यात चूक आहे.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने २०१२ मध्ये अहवाल दिला. देशात रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली सुमारे ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, असं त्यात नोंदलं होतं, आणि कुठलाही सुसंस्कृत समाज हे चालवून घेऊ शकत नाही अशा कडक शब्दांत समितीने ते मांडलं होतं. माणसं नेमलेली आणि न नेमलेली, सगळीच फाटकं पाच वर्षांत काढून टाका आणि त्यासाठी ५०,००० कोटी रुपये लागतील, असंही सांगितलं होतं. मुंबईतल्या लोकलमार्गांवरचा मृत्यूंचा आकडा त्यानंतर बराच उतरला, भिंती झाल्या, पादचारी पूल झाले, सरकते जिने आले. तरी अलीकडच्या वर्षांतही तो अडीच हजारांच्या आसपास आहे आणि त्यातला मोठा हिस्सा रूळ ओलांडणाऱ्यांचाच असतो.

म्हणून माझी पहिली मागणी ही आहे की फाटक बंद करण्याच्या आदेशात आणि पुलाच्या मंजुरीत चालणाऱ्यांची वाट त्याच जागी, त्याच दिवशी, त्याच पैशांत असली पाहिजे. वाहनांचा पूल शंभर-दोनशे मीटर इकडेतिकडे सरकला तर चालेल, इंजिनाला फरक पडत नाही. पायांना पडतो. आणि ती वाट कशी हवी हेही बघायला हवं. पादचारी पूल म्हणजे साधारण सात मीटर चढ, पन्नासेक पायऱ्या. भुयारी वाट केली तर तीन मीटरच्या आसपास उतरावं लागतं, वीस-बावीस पायऱ्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला विचारा यातलं काय हवं. जिथे रूळ भरावावर आहेत तिथे तर वाट जवळजवळ सपाट जमिनीवरून नेता येते. जिथे जमीन खोलगट आहे, खाडीची भरती आत येते, दिव्यासारखी, तिथे भुयार भरून जाईल, तिथे पूलच हवा, पण मग उतरण आणि लिफ्ट असलेला, आणि लिफ्ट चालू ठेवायची जबाबदारी कोणाची हे आधी लिहिलेला.

भुयारी मार्गांबद्दल सावधगिरीने बोललं पाहिजे, कारण राज्यभर आपण त्यांचं हसं करून ठेवलं आहे. देशातल्या ब्रॉडगेज मार्गांवरची माणूस न नेमलेली सगळी फाटकं जानेवारी २०१९ अखेर संपली. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेची गाडी रेल्वेखाली सापडून १३ मुलं गेली, त्यानंतर या कामाला वेग आला. हे मोठं काम होतं आणि ते झालं, याचं श्रेय द्यायलाच हवं. पण घाईत पुष्कळ ठिकाणी कमी उंचीचे भुयारी मार्ग दिले गेले. काँक्रिटच्या तयार चौकटी काही तासांच्या ब्लॉकमध्ये रुळांखाली बसवता येतात, स्वस्त पडतात, चढ नको, जमीन कमी लागते. अडचण अशी की चौकटीचा तळ शेजारच्या ओढ्याच्या पातळीखाली गेला तर पाणी जायला मार्गच नसतो. जूनमध्ये तिथे तळं होतं ते ऑक्टोबरपर्यंत राहतं. गाव चार महिने तुटतं, म्हणजे बाळंतीण तुटते, शाळा तुटते, दूध तुटतं. आणि उंचीचं काय? ऊस भरलेली ट्रॉली, कडब्याची गाडी, मळणीयंत्र, तोडणीयंत्र यांची उंची मोजायला आराखडा करणारा कधी शेतावर गेला होता का? पुणे-मिरज मार्गासारख्या ऊसपट्ट्यातून जाणाऱ्या रुळांखाली वाट काढायची तर पहिलं माप उसाच्या ट्रॉलीचं घ्यायला हवं. पाणी कुठे जाणार हे सांगितल्याशिवाय, म्हणजे उपसा पंपाच्या भरवशावर नाही तर उताराने कुठे जाणार हे नकाशावर दाखवल्याशिवाय, एकही भुयारी मार्ग मंजूर होऊ नये.

नव्या मार्गांचं पाहा. पश्चिमेचा मालवाहतुकीचा स्वतंत्र मार्ग आखतानाच त्यावर फाटक नको असं ठरलं. मुंबई-अहमदाबाद वेगवान रेल्वे जवळजवळ सगळी उंचावरून जाते. मेट्रोला फाटक असतं का, असा प्रश्नही कोणाला पडत नाही. तिथे ओलांडण्याचा खर्च मार्गाच्या खर्चाचाच भाग मानला गेला. जुन्या मार्गांवर तिसरी-चौथी लाईन टाकताना मात्र फाटकाचा प्रश्न पुन्हा त्या टीव्हीयूच्या रांगेत उभा राहतो. दोनाच्या चार लाईन झाल्या की फाटक उघडण्याच्या वेळा घटतात, हे गणित लाईन मंजूर करतानाच समोर असतं. मग तेव्हाच तिथली फाटकं लाईनच्या खर्चात का संपवली जाऊ नयेत?

आणि आकडे बदलता येतात, हेही आपण पाहिलं आहे. जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूत कडलूरजवळ फाटकावर शाळेची गाडी रेल्वेखाली आली, मुलं गेली. ते फाटक सिग्नलशी जखडलेलं नव्हतं. त्यानंतर काही दिवसांतच सिग्नलशी जोडण्यासाठीची टीव्हीयूची अट २०,००० वरून १०,००० वर आणली गेली. निर्णय चांगला आहे. पण तो मुलं गेल्यावर आला. पुलासाठीची १ लाखाची अटही वाढत्या पट्ट्यांसाठी तशीच बदलता येईल, आजची वाहनं मोजण्याऐवजी मंजूर झालेल्या इमारतींवरून दहा वर्षांनंतरची माणसं मोजता येतील. त्यासाठी अपघाताची वाट पाहू नये.

हे कसं करायचं? साधनं आपल्या हातात आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याखाली प्रत्येक शहराचा विकास आराखडा होतो, त्यात शाळा, मैदान, दवाखान्यासाठी आरक्षणं पडतात. रुळांच्या दोन्ही अंगांना ३०० मीटरची पोहोचरस्त्याची पट्टी, दर किलोमीटर-दीड किलोमीटरला चालणाऱ्यांची वाट, अशी आरक्षणं त्यात सक्तीने पडली पाहिजेत. मला एक शंका लगेच ऐकू येते. आरक्षण टाकून उपयोग काय, कलम १२७ खाली दहा वर्षांत जागा घेतली नाही तर मालक नोटीस देतो आणि आरक्षण गळून पडतं. बरोबर. म्हणूनच ही आरक्षणं पहिल्या दोन-तीन वर्षांतच टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात दुसरीकडे बांधकामाचा हक्क, देऊन ताब्यात घ्यायची. पूल दहा वर्षांनी बांधा, हवं तर तोवर तिथे भाजीमंडई भरू द्या. पण जागा हातात ठेवा. रुळांलगत बांधायचं तर रेल्वेचा ना हरकत दाखला बिल्डरला आजही लागतो. म्हणजे प्रत्येक इमारतीची फाईल रेल्वे आणि महापालिका दोघांच्या टेबलावरून जातेच. त्या फाईलवर एकच प्रश्न वाढवायचा: या इमारतीतली माणसं रूळ कुठून ओलांडणार?

पैशांबद्दल थोडक्यात. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे घर घेणारा १ एप्रिल २०२२ पासून मुद्रांक शुल्कावर मेट्रोसाठी १ टक्का अधिभार भरतो. बांधकामावर विकास शुल्क असतं ते वेगळं. ठाण्याच्या टोकाला घर घेणाऱ्याच्या दारात मेट्रो केव्हा येईल सांगता येत नाही, पण त्याला उद्या सकाळी रूळ ओलांडायचे आहेत. त्याच्या पैशातला काही वाटा त्याच्या स्टेशनच्या ओलांडणीसाठी बाजूला काढणं मला न्यायाचं वाटतं.

आता घरांविषयी, कारण या सगळ्यात सर्वांत दुखणारी जागा ती आहे. दिव्यासारख्या ठिकाणी पोहोचरस्त्याच्या आड आलेली घरं श्रीमंतांची नाहीत. मुंबईत खोली परवडली नाही म्हणून लोक ठाण्यात आले, ठाण्यात परवडली नाही म्हणून दिव्यात. त्यातली पुष्कळ माणसं कोकणातून आलेली आहेत, दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी गाडीने गणपतीला गावी जाणारी. त्यांनी कोणाला तरी पैसे मोजून खोली घेतली, कागद कच्चा होता की पक्का हे त्यांना नीट सांगितलं कोणी? पूल हवा की घरं हवीत, असा वाद लावून आपण शेजाऱ्याला शेजाऱ्याविरुद्ध उभं करतो. त्या घरांना त्याच स्टेशनच्या परिसरात, काम सुरू होण्यापूर्वी, पक्की पर्यायी घरं द्यावीत, आणि त्याचा खर्च पुलाच्या खर्चात धरावा. काम दहा वर्षं रखडलं की सळई-सिमेंटचा खर्च वाढतो तो याहून कमी नसतो. पण मुळात ही घरं त्या पट्टीत बांधली जात होती तेव्हा पट्टी आखलेली असती, दोन दगड रोवलेले असते, तर आज त्या माणसांवर ही वेळ आली नसती.

हेच आत्ता पुढच्या पट्ट्यात घडत आहे. भिवंडीभोवती गोदामं पसरत चालली आहेत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत उघडला, म्हणजे आणखी ट्रक, आणखी गोदामं, त्यांत काम करणारी माणसं आणि त्यांच्या चाळी. दिवा-वसई मार्ग याच भागातून जातो, भिवंडी रोड, खारबाव, कामण, जूचंद्र. तिकडे कल्याणच्या पुढे खडवली, वासिंद, आसनगाव, आणि बदलापूरच्या पुढे वांगणी. या स्टेशनांबाहेर आज घरांच्या जाहिराती लागलेल्या दिसतात, ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’. त्या पाच मिनिटांत रूळ कुठून ओलांडायचे ते जाहिरातीत नसतं, आराखड्यातही नसतं.

वांगणीला लोकलमधून उतरून रुळांच्या कडेने थोडं पुढे चालत गेलं तर अजून दोन्ही अंगांना भाताची खाचरं लागतात. पावसाळ्यात लावणी चालू असते, बांधावर बायका डोक्यावर इरलं घेऊन वाकलेल्या असतात. तिथे ३०० मीटरची पट्टी आखायला आज एक मोजणीदार, साखळी आणि चार खुंट्या पुरतात. जमिनीच्या मालकाला योग्य मोबदला देऊन ती याच वर्षी घेता येईल.